पोरगं परदेशात अडकलंय, आता काय? दूतावासाच्या मदतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझं छोटं सेवा केंद्र आहे. पासपोर्टचे फॉर्म, व्हिसाच्या प्रिंट, तिकिटं, असली कामं. आखाताला कामाला जाणारे, उमराला म्हणजे मक्केच्या यात्रेला जाणारे, डॉक्टरकी शिकायला किर्गिझस्तानला निघालेले लातूर-नांदेडचे विद्यार्थी, सगळे या टेबलावरून जातात. मुंबईचं विमान असलं तर देवगिरी एक्स्प्रेस, नांदेडकडचे बरेच जण हैदराबादेहून उडतात. जाताना पेढे देतात. अडचण आली की घरचे पुन्हा माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा तोंडचं पाणी पळालेलं असतं. मी वकील नाही आणि सरकारी माणूसही नाही. फॉर्म भरता भरता जे कळलं ते इथं लिहिलंय. प्रश्न शक्यतो ज्यानं जसा विचारला तसाच ठेवलाय.

वकिलात म्हणजे तिथं वकील मिळतो का?

हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच आणि चूक विचारणाऱ्याची नाही, शब्दाची आहे. वकिलात म्हणजे आपल्या सरकारचं परक्या देशातलं कार्यालय. त्या देशाच्या राजधानीत असतो तो दूतावास, दुसऱ्या मोठ्या शहरात असतं ते वाणिज्य दूतावास, ज्याला सगळे कॉन्सुलेट म्हणतात. आपल्याला लागणारी कामं दोन्हीकडं होतात, पण प्रत्येकाचा इलाखा ठरलेला असतो. सौदीत दूतावास रियाधला आहे. मक्का, मदिना आणि जेद्दा हा भाग मात्र जेद्दाच्या कॉन्सुलेटकडं येतो. दुबई-शारजाचा माणूस दुबईच्या कॉन्सुलेटकडं जातो, अबुधाबीचा अबुधाबीच्या दूतावासाकडं. अमेरिकेत तर राज्यांची वाटणीच आहे. चुकीच्या दारात गेलात तर हाकलून देत नाहीत, पण तुमचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात दिवस जातो. ज्या देशात आपला दूतावासच नाही, तिथलं काम शेजारच्या देशातल्या दूतावासाकडं सोपवलेलं असतं.

एक बारीक गोष्ट. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, रविवारी ऑफिस चालू असतं. अमिरातीत २०२२ पासून आपल्यासारखी शनिवार-रविवार सुट्टी आहे. सौदीचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं, दुबईचं दीड तास मागं. सकाळी नऊला रियाधला फोन लावून "कुणी उचलंना" म्हणू नका, तिथं तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. जिवावरचं प्रकरण असेल तर वेबसाईटवर चोवीस तासांचा वेगळा आणीबाणी नंबर दिलेला असतो, तो लावा.

पासपोर्ट हरवला. आता तिथंच अडकून पडायचं का?

नाही. पहिलं काम, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हरवल्याची नोंद करायची आणि तिचा कागद हातात घ्यायचा. दुसरं, दूतावासात अर्ज. तिथं दोन रस्ते निघतात. नवा पासपोर्ट मागितला तर वेळ लागतो, कारण जुनी माहिती भारतातून तपासली जाते आणि कधी पडताळणीचा कागद इकडच्या ठाण्यातही येतो. लगेच घरी यायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. त्याला सगळे ईसी म्हणतात. हा एकदाच, फक्त भारतात परत येण्यापुरता चालणारा कागद. ईसीवर तुम्ही दुबईहून पुढं लंडनला जाऊ शकत नाही.

लोक विसरतात ते असं की पासपोर्टबरोबर व्हिसाही गेलेला असतो. ईसी हातात आला तरी त्या देशाच्या इमिग्रेशनकडून बाहेर पडायची परवानगी लागू शकते आणि मुदत उलटून राहिलेल्याला दंडही बसतो. म्हणून विमानाचं तिकीट आधी काढू नका. एकानं ईसी मिळायच्या आत तिकीट काढलं, ते वाया गेलं, मग दुसरं काढलं.

पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स असली तर निम्मं काम झालं. शेवटच्या पानावर आईवडिलांचं नाव आणि पत्ता असतो, आणि तेच पान लोक झेरॉक्स करत नाहीत. मी प्रत्येकाला एक प्रत घरी ठेवायला सांगतो. एका माउलीनं ती ज्वारीच्या कणगीमागं पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. दोन वर्षांनी लागली तेव्हा पाच मिनिटांत काढून दिली.

पोरगं चार दिवसांपासून फोन उचलंना झालंय. कुणाला सांगावं?

आधी त्याच्या खोलीतल्या सोबत्याला, कंपनीतल्या माणसाला, गावातून त्याच देशात गेलेल्या कुणाला तरी. बऱ्याच वेळा मोबाईल फुटलेला असतो किंवा रिचार्ज संपलेला असतो. तिथूनही पत्ता लागला नाही तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकायची आणि त्याच दिवशी दूतावासाला ईमेल करायचा. पासपोर्ट नंबर, व्हिसाची प्रत, मालकाचं किंवा कॉलेजचं नाव, तिथला फोन नंबर, शेवटचा मेसेज कधी आणि कुठून आला, अलीकडचा फोटो, एवढं द्या. "माझा मुलगा सौदीत आहे, शोधा" एवढ्यावर कुणी कुणाला शोधू शकत नाही. सौदी काही जिंतूर नाही.

एक कटू गोष्टही सांगून ठेवतो. सज्ञान माणूस सापडला आणि तो म्हणाला की घरच्यांना माझा पत्ता देऊ नका, तर दूतावास पत्ता देत नाही. सुखरूप आहे एवढंच कळवतो. असं माझ्या टेबलासमोर घडलंय. बापानं फोन ठेवला, "जिवंत आहे ना, बास" म्हणाला आणि चहा न घेता उठून गेला.

हे मदद पोर्टल म्हणजे काय भानगड?

२०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली ऑनलाईन तक्रार व्यवस्था. मोबाईल आणि ईमेल टाकून खातं उघडायचं, तक्रार कोणत्या प्रकारची ते निवडायचं: पगार थकला, तुरुंगात आहे, ठावठिकाणा नाही, मृतदेह आणायचा आहे, परत यायचं आहे, वगैरे. तक्रार त्या देशातल्या आपल्या दूतावासाकडं जाते, तुम्हाला नंबर मिळतो, पुढं काय झालं ते त्या नंबरावर दिसतं. पैसे लागत नाहीत. फॉर्म भरून देण्याचे कुणी हजार-दोन हजार मागितले तर उठून या.

इथं होणाऱ्या चुका मी मोजून सांगू शकतो. नाव आधारवरचं टाकतात, पासपोर्टवरचं नाही. मराठीत पानभर हकीकत लिहितात, लग्नापासून सुरुवात करून. साधी इंग्रजी किंवा हिंदी, दहा ओळी, तारखा आणि नावं, एवढं पुरतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच माणसासाठी भाऊ, मेहुणा आणि चुलता असे तिघं वेगवेगळ्या तक्रारी टाकतात आणि तिघांत तारखा जुळत नाहीत. घरातला एकच माणूस ठरवा. ज्याच्याकडं ईमेल आहे आणि जो फोन उचलतो तो.

ऑनलाईन जमत नसेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा टोल फ्री नंबर आहे. अमिरातीत असलेल्यानं तिथूनच ८००-४६३४२ लावावा.

खासदार साहेबांचं पत्र आणलं तर काम लवकर होईल का?

आपल्याकडं कुठलंही काम ओळखीशिवाय होतं यावर कुणाचा विश्वास नाही. मराठवाड्यात राहून तो कसा बसावा म्हणा. पत्र आणायला माझी ना नाही. खासदार मंत्रालयाला लिहितात, कधी त्यानं फाईलवर लक्षही जातं. पण लोक पत्रासाठी संपर्क कार्यालयात दोन दिवस बसतात आणि तक्रार तिसऱ्या दिवशी टाकतात. उलटं करा. आधी तक्रार टाका, नंबर घ्या, आणि पत्रात तो नंबर लिहून घ्या. नंबर नसलेलं पत्र शेवटी कुणाला तरी तोच नंबर शोधायला लावतं. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिलात तर त्याचीही पोच घेऊन जोडा.

अटक झाली तर दूतावास सोडवून आणतो ना?

सोडवत नाही. हे आधीच डोक्यात बसवा, म्हणजे पुढं शिव्या द्यायची वेळ येत नाही. त्या देशाच्या कायद्यात आणि कोर्टात आपलं सरकार हात घालू शकत नाही, जसं त्यांचं सरकार आपल्या कोर्टात घालू शकत नाही.

पण हक्क आहे, आणि तो मागावा लागतो. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ सांगतं की परदेशी माणसाला अटक झाली आणि त्यानं मागणी केली, तर त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला विनाविलंब कळवलं पाहिजे. हा हक्क आहे हे त्याला सांगणंही पोलिसांवर बंधनकारक आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्ताननं हेच कलम मोडल्याचा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १७ जुलै २०१९ ला दिला. म्हणून पोरांना एकच वाक्य पाठ करायला सांगा: "मी भारतीय आहे, माझ्या दूतावासाला कळवा." भाषा न समजणाऱ्या कागदावर सही करायची नाही, दुभाषा मागायचा.

त्यानंतर दूतावासाचा माणूस भेटायला जातो, वागणूक कशी मिळते ते बघतो, घरी कळवतो, तिथल्या वकिलांची यादी देतो. वकिलाची फी साधारणपणे आपली आपणच भरायची असते. शिक्षा झालीच, तर ज्या देशांशी आपला करार आहे तिथला कैदी उरलेली शिक्षा भारतात भोगू शकतो. २००३ चा कैदी प्रत्यावर्तन कायदा त्यासाठीच आहे. पण त्याला कैदी आणि दोन्ही देश राजी असावे लागतात.

दिवाळीचा फराळ पाठवायचा आहे. त्याचा अटकेशी काय संबंध?

संबंध अनारशाचा आहे. अनारशावर लावतो ती खसखस अमिरातीत आणि सौदीत अंमली पदार्थांत धरली जाते, सिंगापुरातही तिला बंदी आहे. आपल्याकडं ती किराणा दुकानात पुडीत मिळते, आई प्रेमानं काळ्या मसाल्यातही घालते. विमानतळावर कस्टमवाल्याला तुमचं प्रेम कळत नाही. चकली पाठवा, शंकरपाळे पाठवा, अनारसे तो सुट्टीत आल्यावर खाईल.

औषधांचंही तसंच. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या आखातात परवानगीशिवाय नेल्या तर गुन्हा होऊ शकतो. डॉक्टरची चिठ्ठी जवळ हवी आणि त्या देशाची आगाऊ परवानगी लागते का ते बघून घ्यावं. "माझ्या भावाला एवढं पाकीट द्या" म्हणणाऱ्याचं पाकीट, मग तो सख्खा शेजारी का असेना, उघडून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही.

कफीलानं (तिथल्या मालकानं) पासपोर्ट ठेवून घेतलाय, पगारही देईना. पळून जावं का?

पळू नका. सौदीत कामावरून पळाल्याची नोंद झाली की त्याला हुरूब म्हणतात, आणि हुरूब लागला की ज्याची बाजू खरी आहे तो माणूसही कागदावर गुन्हेगार होतो. मग घरी यायचं म्हटलं तरी आधी ती नोंद काढावी लागते. कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणं बहुतेक आखाती देशांत मालकाला कायद्यानं मना आहे. दूतावासाच्या कामगार विभागाला कळवा, तिथल्या लेबर ऑफिसात तक्रार करा. पगाराच्या पावत्या, करारपत्र, इकामा (तिथं राहण्याचा परवाना) यांचे फोटो काढून घरी व्हॉट्सअॅपवर आधीच पाठवून ठेवा. फार वाईट परिस्थिती असेल, विशेषतः घरकामाला गेलेल्या बायांची, तर काही ठिकाणी दूतावास राहायची सोय करतो.

आता थोडं मागं जाऊ. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी हवी, असा शिक्का असतो. असा माणूस सौदी, कुवेत, ओमान, मलेशिया अशा ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून परवानगी घेऊनच जायला हवा. त्याच वेळी प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण. एजंट म्हणतो व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बदलून देतो. किंवा आझाद व्हिसा म्हणतो, म्हणजे कागदावर मालक एक आणि काम दुसरीकडंच. तसं गेलेला माणूस सरकारच्या नोंदीत कामगार म्हणून नसतोच. त्याला करार नाही, विमा नाही. दूतावास त्यालाही मदत करतो, पण हातात धरायला कागद नसतो. २७५ रुपये वाचवायला कुणी जात नाही हो, एजंटला ती परवानगी मिळत नसते म्हणून तो असा नेतो.

दूतावास पैसे देतो का?

सरसकट नाही. हॉटेलचं बिल, सुटलेलं विमान, मारलेलं पाकीट, यासाठी घरूनच पैसे मागवायचे. भारतीय समुदाय कल्याण निधी म्हणून २००९ पासून एक निधी आहे. दूतावासातल्या सेवांवर छोटी रक्कम आकारतात, त्यातून तो जमतो. खरोखर कुणीच नसलेल्या, अडकलेल्या भारतीयाचं राहणं-खाणं, तातडीचा दवाखाना, परतीचं तिकीट, मृतदेह आणणं, किरकोळ दंड अशा गोष्टींना त्यातून मदत मिळू शकते. परिस्थिती बघून देतात. मागताना घरची परिस्थिती दाखवणारे कागद, म्हणजे उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड, जोडले तर बरं.

दवाखान्यात ॲडमिट केलंय आणि बिल लाखांत आहे.

विमा आहे का, हाच पहिला प्रश्न. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचाच आहे. थायलंड-व्हिएतनामच्या टूरवर लोक तीनशे-चारशे रुपयांसाठी तो टाळतात. विमा असेल तर ॲडमिट झाल्या झाल्या कंपनीच्या नंबरवर कळवा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. दूतावास दवाखान्याशी बोलेल, नातेवाइकाला तातडीचा व्हिसा मिळावा म्हणून पत्र देईल. घरातल्या एकाचा पासपोर्ट तयार असणं इथं कामी येतं.

गेलेल्या माणसाला घरी कसं आणायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी पाणी देतो आणि एक वहीचं पान देतो, कारण ऐकलेलं डोक्यात राहत नाही.

तिथल्या सरकारचा मृत्यू दाखला, डॉक्टरांचा अहवाल, मृत्यू नैसर्गिक नसेल तर पोलिसांचा अहवाल आणि गरज पडल्यास त्याचं इंग्रजी भाषांतर. इकडून सगळ्यात जवळच्या वारसाचं संमतीपत्र, नोटरी केलेलं: मृतदेह गावी आणायचा की तिथंच अंत्यविधी करायचा, आणि ताब्यात कोण घेणार. हे संमतीपत्र अडतं ते घरातल्या वादामुळं. बायको एक म्हणते, भाऊ दुसरं. वारस म्हणून आधी बायकोचा शब्द, हे भावकीनं लक्षात घ्यावं. मग दूतावास मृत्यूची नोंद करतो, पासपोर्ट रद्द करतो आणि ना हरकत दाखला देतो. मृतदेहावर रसायनांची प्रक्रिया होते, शवपेटी सील होते, तिचे वेगळे दाखले असतात. भारतात उतरण्यासाठी आरोग्य मंत्रालयाची परवानगी लागते, ती २०२३ पासून ई-केअर पोर्टलवरून मिळते.

नैसर्गिक मृत्यू असेल तर काही दिवसांत होतं. अपघात, आत्महत्या किंवा गुन्हा असेल तर तपास संपेपर्यंत सोडत नाहीत, आठवडे लागतात. त्या काळात गावात रोज "उद्या येणार" असं सांगत सुटू नका. पाहुणे दोनदा जमून परत गेलेलं मी पाहिलंय.

सौदीच्या कामगार कायद्यात मृतदेह पाठवायचा खर्च मालकावर आहे, तेव्हा आधी कंपनीकडं मागा. मुंबई किंवा हैदराबादच्या विमानतळाच्या कार्गो विभागातून ताबा मिळतो. तिथून गावापर्यंतची अॅम्ब्युलन्स आदल्या दिवशी ठरवा. हिशेबाचा पगार, भरपाई आणि विमा यांची कामं अंत्यविधीनंतर महिनोन्महिने चालतात, म्हणून मूळ मृत्यू दाखला कुणालाही देऊन टाकायचा नाही. उमराला गेलेलं माणूस तिथंच गेलं तर बहुतेक घरं तिथल्याच दफनाला संमती देतात.

युद्ध किंवा दंगल सुरू झाली तर सरकार विमान पाठवतं का?

पाठवलेलं आहे. १९९० ला कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार माणसं आणली. २०१५ ला येमेनमधून ऑपरेशन राहत, २०२२ ला युक्रेनसाठी ऑपरेशन गंगा, २०२३ ला सुदानसाठी कावेरी आणि इस्रायलसाठी अजय, २०२५ ला इराण-इस्रायलसाठी सिंधू. पण विमान तुमच्या होस्टेलच्या दारात येत नाही. युक्रेनचं आकाश बंद होतं, पोरांना रेल्वेनं, बसनं, काहींना चालत पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियाच्या सीमेपर्यंत जावं लागलं, विमानं तिथून सुटली. याउलट मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर जमाव चालून आला, तेव्हा दूतावासाचा सल्ला होता की बाहेर पडू नका. म्हणजे निघायचं की थांबायचं हे टीव्हीवरून ठरवायचं नाही. दूतावासाच्या वेबसाईटवर नाव नोंदवा, त्यांचं अधिकृत खातं बघत राहा, ते जो ऑनलाईन फॉर्म देतात तो पहिल्या दिवशी भरा.

फुकट असतं का? गंगा आणि अजयमध्ये सरकारनं खर्च केला. कोरोनातल्या वंदे भारत विमानांना मात्र तिकीट होतं.

नेपाळला तर पासपोर्ट लागत नाही, मग?

लागत नाही, पण आधारवर भागत नाही. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाकडं पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं. लुंबिनीला किंवा पशुपतिनाथला बस करून जाणारे हे विसरतात. आपला दूतावास काठमांडूत आणि कॉन्सुलेट बीरगंजला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तनहुँ जिल्ह्यात बस मर्स्यांगडी नदीत कोसळून जळगाव जिल्ह्यातले भाविक गेले, तेव्हा मृतदेह हवाई दलाच्या विमानानं आणले. बसमधल्या सगळ्यांची नावं, वयं आणि घरचे नंबर यांची एक यादी गावात ठेवून जात जा.

थायलंडमध्ये डेटा एंट्री, ऐंशी हजार पगार. पोरगं आता म्यानमारमध्ये आहे म्हणतं.

ही नोकरी नाही, सायबर फसवणुकीचा कोंडवाडा आहे. बँकॉकला उतरवून नदीपलीकडं म्यानमारच्या म्यावाडीकडं नेतात. कंबोडिया आणि लाओसमध्येही असलेच अड्डे आहेत. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या माए सोटहून हवाई दलाच्या विमानांनी दोन खेपांत ५४९ भारतीय आणले. त्याच्याकडून जागेचं लोकेशन आणि इमारतीचं नाव गुपचूप मागवा आणि दूतावासाला पाठवा. सोडवायचे पैसे एजंटला पाठवू नका, रक्कम वाढत जाते. इकडं एजंटवर पोलीस तक्रारही करा.

मुलगी अमेरिकेची नागरिक झालीय, ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड आहे. तिला मदत मिळेल?

ती आता त्यांची नागरिक. तिनं अमेरिकेच्या दूतावासाकडं जायचं.

दूतावासातून फोन आला, दंड भरायला सांगितला. भरू का?

नाही. दूतावास कुणाच्या खासगी खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. स्क्रीनवर दूतावासाचाच नंबर दिसतो, तरी तो खोटा असू शकतो. फोन ठेवा आणि वेबसाईटवरचा नंबर स्वतः लावून विचारा.

इंग्रजी येत नाही, मराठीत बोललं तर चालेल?

हिंदीत बोला, काम होतं. मराठी अधिकारी भेटला तर नशीब. तिथल्या महाराष्ट्र मंडळाची माणसं मात्र रात्री-अपरात्री धावून येतात.

पोरगं सापडलं, घरी आलं. आता त्या तक्रारीचं काय?

कळवा. हे कुणीच करत नाही. तक्रारीच्या नंबरावर दोन ओळी लिहा की माणूस अमुक तारखेला सुखरूप पोहोचला. एका घरानं ते केलं नाही. पोरगं गंगाखेडला बसून भाकरी खात होतं आणि तिकडं दूतावासाचा माणूस त्याच्या जुन्या कॅम्पवर त्याचा फोटो दाखवत फिरत होता. तीन आठवड्यांनी मला ईमेल आला: तपास चालू आहे.